काळ्या गोळीचा मुलूख

तीस वर्षांपूर्वी पौडच्या एसटी स्टँडवर कुणी ‘मी फिनलंडला निघालोय’ म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला आधी बसवून चहा पाजला असता आणि मग गुपचूप घरी निरोप धाडला असता. आता कुणाची मानसुद्धा वळत नाही. हिंजवडी आणि माण ही गावं आमच्याच मुळशी तालुक्यातली. तालुक्याचं एक अंग शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाखाली गेलं. सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभारला, तो त्याच पाण्यावरून. दुसरं अंग अलीकडे काचेच्या इमारतींखाली गेलं. धरणाच्या वेळी उठलेली माणसं मिळेल त्या गावी पांगली. काचेच्या इमारतींत शिरलेली पोरं मात्र दुसऱ्या दाराने थेट विमानात बसली.

माझा भाचा असाच एस्पोला पोचला. एस्पो म्हणजे हेलसिंकीला खेटून असलेलं शहर, नोकियाचं मुख्यालय तिथलं. ‘मामा, यायचं तर जूनमध्ये या. डिसेंबरात सव्वातीनला सूर्य मावळतो, तुम्ही घाबराल,’ असं तो म्हणाला. जून म्हणजे आमच्याकडे भाताच्या रोपांचे दिवस, ताम्हिणीत समोरचा माणूस न दिसण्याएवढं धुकं. पण शेत थोरल्या भावाच्या हवाली केलं आणि निघालो. तिथे उलटीच तऱ्हा. रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी ऊन भिंतीवर, आणि पहाटे चारला पुन्हा हजर. कोंबडा असता तर त्याने राजीनामा दिला असता.

फिनलंडला जाऊन आलेला प्रत्येक जण ज्या गोष्टी सांगतो, त्या मी भराभर उरकतो. मेट्रोत माणसं बोलत नाहीत. हेलसिंकीत २०१८ साली उघडलेलं ओओदी नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्यात पुस्तकांबरोबर शिलाई मशीनही ठेवलेली आहेत आणि लोक खरोखर येऊन पँटी आखूड करतात. सौनात नेऊन बसवतात, वाफेने शिजवतात आणि मग थंडगार पाण्यात उतरा म्हणतात. हे सगळं मी ऐकून होतो, त्यामुळे फारसा हललो नाही. मला हलवलं ते एका गोळीने.

शनिवार हा तिथे पोरांचा खाऊचा वार. आठवडाभर गोड टाळायचं आणि शनिवारी हौस भागवायची, अशी दातांच्या काळजीने लावलेली शिस्त. या लोकांना दातांचं भारी वेड. दात किडू नयेत म्हणून झायलिटॉल नावाची साखर चघळायची युक्ती जगाला दिली ती १९७०च्या दशकात त्यांच्या तुर्कू विद्यापीठातल्या अभ्यासांनी. पाळणाघरात जेवण झालं की मुलांना तिची गोळी देतात. तर त्या शनिवारी भाच्याची पाच वर्षांची लेक, म्हणजे आमची नात, मला हाताला धरून दुकानात घेऊन गेली. एक अख्खी भिंत काचेच्या खणांनी भरलेली, प्रत्येक खणात वेगळी गोळी, प्रत्येकाशी एक छोटा डाव. कागदाची पिशवी घ्यायची, हवं ते हवं तितकं डावाने भरायचं आणि एकत्र वजन करायचं. लाल, पिवळ्या, हिरव्या गोळ्या ओळखीच्या वाटल्या. पण भिंतीचा निदान तिसरा हिस्सा काळाकुट्ट होता. काळ्या वड्या, काळ्या नळ्या, काळी नाणी, काळे मासे. आणि गर्दी तिथेच. पोरंच नव्हेत, कोट घातलेली, केस पिकलेली माणसं गंभीर चेहऱ्याने काळे मासे मोजून घेत होती.

नातीने अर्धी पिशवी काळ्याने भरली. घरी आल्यावर तिने माझ्यापुढे एक गोळी धरली. ‘आजोबा, साल्मियाक्की. तुम्ही खा.’ शंकरपाळीच्या आकाराची, काळी कुळकुळीत, वर करड्या भुकटीचा हलका हात. भाच्याच्या ऑफिसातला एक फिनिश सहकारी त्या दिवशी जेवायला आला होता. हा माणूस तासभर आमच्यात बसून चार वाक्यंही बोलला नव्हता. तो खुर्ची किंचित पुढे ओढून माझ्या तोंडाकडे बघू लागला. नंतर कळलं की ही तिथली जुनी करमणूक आहे. पाहुणा आला की त्याला साल्मियाक्की द्यायची आणि चेहरा बघायचा. एरवी दुसऱ्याकडे टक लावून बघणं ते असभ्य समजतात, पण तेवढ्यापुरती सूट.

गोळी तोंडात ठेवली. क्षणभर काहीच नाही. मग खारट. पण मिठाचा खारटपणा जिभेवर पसरतो आणि थांबतो, हा थांबेना. तो जिभेच्या दोन्ही कडांनी मागे सरकला, टाळूला भिडला आणि तिथून थेट नाकात चढला. डोळ्यांना पाणी आलं. घशाच्या तोंडाशी बारीकसा चटका बसला, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. थुंकावं तर नात बघते आहे, गिळावं तर गोळी मोठी. वर्गासमोर चेहरा सरळ ठेवायची मास्तरकीतली सवय त्या वेळी कामी आली. आणि मग, सगळा भडका ओसरत आल्यावर, तळातून एक जुना, मातकट, काडी चघळल्यावर येतो तसला गोडवा वर आला. तो लगेच ओळखू आला. ज्येष्ठमध.

नाकात चढलेला दर्पही ओळखीचा होता, पण जागा सापडत नव्हती. भाच्याला म्हटलं, ‘दुकानातून ते छापील पाकीट आणलं होतंस ना, त्यावर काय काय लिहिलंय वाच बरं.’ तो मोबाइल धरून फिनिश अक्षरांचा अर्थ लावत वाचू लागला. साखर, मळी, गव्हाचं पीठ, ज्येष्ठमधाचा अर्क आणि अमोनियम क्लोराइड.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. मी उडालोच. ‘अरे, हा तर नवसागर!’

भाचा हिंजवडीच्या पिढीतला, त्याला नवसागर काय ठाऊक? त्याला सांगावं लागलं. आमच्या लहानपणी पावसाळा सरला की कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कडेला खड्डा खणून त्यात कोळसे पेटवायचा, भात्याने फुंकायचा. घराघरांतली तांब्या-पितळेची भांडी रांगेत लागायची, कारण कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी-ताक कळकतं. पातेलं तापून कडकडीत झालं की तो चिमटीने पांढरी पूड टाकायचा. भस्सकन पांढराशुभ्र धूर उठायचा. लगेच कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने आतून गरकन फिरवायचा, की काळपट पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं होऊन जायचं. मग पाण्यात चर्रर्र. आम्ही पोरं मुद्दाम धुराच्या तोंडाशी उभं राहायचो आणि खोकत पळायचो. ती पूड नवसागर. तापल्या तांब्यावर पडली की तिचे दोन वायू होतात, एक अमोनिया आणि दुसरा आम्लाचा. आम्लाचा वायू तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतो, धातू उघडा पडतो आणि कथील त्याला धरून बसतं. वर गेलेले दोघे थंड हवेत पुन्हा एक होतात, तोच तो पांढरा धूर. साठ वर्षांनी तो धूर एस्पोतल्या सोफ्यावर माझ्या नाकात आतल्या बाजूने शिरला होता.

नवसागर आपल्याकडे फार जुना. रसरत्नसमुच्चयात विटांच्या भट्टीत धरणाऱ्या पांढुरक्या, हलक्या मिठाचा उल्लेख आहे, तो हाच. इजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या काजळीतून काढायचे आणि युरोपभर विकायचे. जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये हाच. एका बाटलीत चुना आणि नवसागर घालून, हलवून, सर्दीने चोंदलेल्या नाकाला हुंगवायची पद्धत आमच्या गावात होती. झोपलेला माणूस ताडकन उठून बसत असे. पण खायची वस्तू म्हणून, तीही पोरांच्या पिशवीत, शनिवारी, बक्षीस म्हणून? हे पचायला मला सौनापेक्षा जास्त वेळ लागला.

नंतर भाच्याने मला हेलसिंकीत फात्सरच्या जुन्या कॅफेत नेलं. कार्ल फात्सरने १८९१ साली सुरू केलेलं हे दुकान, पुढे त्याची देशातली सगळ्यात नावाजलेली खाऊची कंपनी झाली. तिथे कोडं थोडं सुटलं. ही गोळी मुळात मिठाईवाल्याची नव्हे, औषधवाल्याची. नवसागर कफ पातळ करतो, ज्येष्ठमध घसा मऊ करतो, म्हणून उत्तरेकडचे औषधी दुकानदार दोन्ही एकत्र करून खोकल्यावर देत. फात्सरच्या एका गोळीच्या नावात आजही औषधी दुकान शिल्लक आहे. १९३०च्या दशकात कारखान्यांनी तिला खाऊ म्हणून उचललं. खोकला बरा झाला तरी पोरांनी गोळी सोडली नाही.

यातली अर्धी गोष्ट तर आमच्याच घरातली निघाली. आजीच्या बटव्यात ज्येष्ठमधाची काडी असायचीच. कीर्तनकार ती गालात धरून उभे राहतात, गाणारे मैफलीआधी चघळतात. पुण्यात काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात मागा, पुडीत बांधून देतात. त्यातलं ग्लायसिरायझिन साखरेपेक्षा निदान तीस पट गोड. आणि दुसरी अर्धीही आपण सगळ्यांनी प्यायलेली आहे. खोकल्याच्या लाल-तपकिरी औषधाची बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा, कितीतरी बाटल्यांवर अमोनियम क्लोराइड सापडेल. नाक दाबून, वर साखरेची लालूच दाखवून आईने जो चमचा तोंडात ओतला, तोच माल फिनलंडमध्ये डावाने भरून तराजूवर ठेवतात. कडक गोळ्यांत नवसागराचं प्रमाण शेकडा सात-आठपर्यंत जातं. जर्मनीत तर दोन टक्क्यांच्या वर गेला की ‘मोठ्यांसाठी, मुलांसाठी नव्हे’ असं पाकिटावर छापतात. फिनलंडची पोरं त्या वयाची वाट बघत नाहीत.

हे लोक इतक्यावर थांबलेले नाहीत. साल्मियाक्कीचं आइस्क्रीम आहे. १९९७ पासून साल्मियाक्कीप्रेमींची रीतसर संघटना आहे आणि ती दरवर्षी उत्तम गोळीला मान देते. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, हॉलंड, सगळ्यांना हे काळं वेड आहे, पण फिनिश माणूस त्या सगळ्यांना कच्चं समजतो. आणि मग दारू.

इथे मला जरा आवाज खाली आणून बोलायला हवं, कारण नवसागराची आमच्या भागातली तिसरी ओळख चारचौघांत सांगण्यासारखी नाही. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला आणि ओढ्याकाठी भट्ट्या पेटल्या. सडका काळा गूळ, पाणी आणि नवसागर. अमोनियाच्या क्षारात नायट्रोजन असतो, तो यीस्टचं खाद्य, त्यामुळे रसायन लवकर फसफसतं. पोलिसांनी धाड घातली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘गूळ-नवसागरमिश्रित कच्चे रसायन नष्ट’ हे वाक्य ठरलेलं. पुणे जिल्ह्यात ते अजून अधूनमधून छापून येतं. म्हणून किराण्याच्या दुकानात कुणी जास्त नवसागर मागितला तर दुकानदार आधी वर बघतो. फिनलंडनेही १९१९ ते १९३२ दारूबंदी करून पाहिली, चोरटी दारू वाहू लागल्यावर उठवली आणि कडक दारूची विक्री सरकारने स्वतःच्या दुकानांत घेतली. तिथल्या बारमध्ये मग कुणीतरी साल्मियाक्कीच्या गोळ्या कुटून कोस्केनकोर्वा नावाच्या वोडकात घातल्या. १९९३ साली हे काळं मिश्रण तयार बाटलीतच आलं. तरुण पोरांत ते इतकं माजलं की काही काळ बाजारातून काढून घ्यावं लागलं. आमच्याकडे नवसागर भट्टी लावण्याआधी पडतो, त्यांच्याकडे भट्टी उतरल्यावर. शिवाय त्यांची बाटली सरकारी दुकानात, पावतीसह. भाच्याने एक छोटा घोट देऊ केला. मी वास घेऊन परत केला. निवृत्तीवेतन सुरू असलेल्या माणसाने एवढ्या सुखात पडू नये.

जिभेला हे नेमकं काय वाटतं, यावर अलीकडे अमेरिकेत काम झालं आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमिली लीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवलं की आंबट चव ओळखणाऱ्या पेशींत ओटॉप-वन नावाचं जे प्रथिन आहे, तेच नवसागरानेही जागं होतं. नवसागर आंबट नाही, तरी पेशी आंबट लागल्यासारखी हाक मारते. कोंबडीत हे प्रथिन जास्त हळवं असतं, एका जातीच्या माशात कमी. कोंबड्या स्वतःच्या शिटीतच दाणे टिपतात आणि शिटीत अमोनिया असतो, तेव्हा त्यांना सावध करणारी ही व्यवस्था असावी, असं त्या लोकांचं म्हणणं. म्हणजे माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या त्या उगाच नव्हेत. शरीर सांगत होतं, मास्तर, हे खायचं नसतं. फिनिश मूल तीच हाक ऐकतं आणि आणखी एक गोळी मागतं.

मी उट्टं काढायचं ठरवलं. येताना मंडईतून काळं मीठ लावलेल्या चिंचेच्या गोळ्या नेल्या होत्या. एक नातीच्या हातावर ठेवली. तिने चाटून पाहिली, नाक आवळलं आणि गोळी माझ्याच रुमालात काढून ठेवली. ‘आजोबा, खराब अंड्याचा वास येतो!’ भाचेसून ओशाळली. मी म्हटलं, अगं बरोबर बोलतेय ती. काळ्या मिठात गंधकाचे क्षार असतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइडचा अंश सुटतो, नासक्या अंड्याला तोच वास. आपल्याला तो येत नाही असं नाही, आपण त्या वासाला पाणीपुरी म्हणतो. फिनिश सहकाऱ्याला मात्र चिंचगोळी पसंत पडली. त्याने न बोलता दुसरी घेतली, मग तिसरी खिशात टाकली. निघताना दारात थांबून तो म्हणाला, ‘ही चांगली आहे. पण अजून कडक करता येईल.’ त्या संध्याकाळचं त्याचं सगळ्यात लांब भाषण तेच.

मुक्काम वाढत गेला तशी जेवणानंतर एखादी काळी गोळी मी आपणहून घेऊ लागलो. फरक एवढाच पडला की धूर नाकात चढायच्या आधीच त्याच्या मागून ज्येष्ठमध येणार हे ठाऊक झालं आणि मन त्याची वाट बघू लागलं. पहिल्या दिवशी जे शेवटी सापडलं, ते पुढे आधीपासून लागायला लागलं. भाच्याने मात्र मोजून द्यायला सुरुवात केली, कारण मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ज्येष्ठमध जास्त झाला तर अंगातलं पोटॅशियम उतरतं, दाब चढतो. अमेरिकेच्या औषध खात्याने चाळिशी ओलांडलेल्यांना बजावलं आहे की दोन औंस काळं लिकरीस, म्हणजे ज्येष्ठमधाचा काळा खाऊ, रोज असं दोन आठवडे खाल्लं, तर हृदयाचे ठोके चुकून दवाखाना गाठावा लागू शकतो. खुद्द फिनलंडच्या आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये गरोदर बायकांना नको असलेल्या पदार्थांत लिकरीस घातलं. आपल्याकडे डोहाळे लागलेलीला पपई नको म्हणतात, तिकडे हे.

येताना दोन पाकिटं आणली. पौडला चहाच्या टपरीवर आमची मंडळी रोज जमते, तिथे फोडली. पहिल्याने तोंडात टाकून लगेच गटारीजवळ जाऊन काढली. दुसऱ्याने चहाचा अख्खा कप वर ओतला. एक जण म्हणाला, ‘मास्तर, विमानाचं भाडं भरून हे खायला गेला व्हता?’ कोपऱ्यात एक म्हातारबाबा बसले होते. गाव सांगत नाही, पण तरुणपणी ओढ्याकाठी त्यांचा बराच काळ गेलेला, हे सगळ्यांना माहीत. त्यांनी गोळी आधी नाकाशी धरली, मग गालात सरकवली, डोळे मिटले आणि चघळत राहिले. तोंड वाकडं झालं नाही.

‘मास्तर, ह्यात नवसागर हाय,’ ते म्हणाले.

‘आहे. तिकडची लहान पोरं खातात.’

‘उघड्यावर?’

‘उघड्यावर. दुकानातनं वजन करून घेतात.’

त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘आन् पोलीस काय म्हनत न्हाईत?’